स्वस्त कंडेन्सर मायक्रोफोनचा आवाज कसा सुधारावा?
फोंड्यात घरी भजन ध्वनिमुद्रित करताना झांजा बोचऱ्या वाटतात आणि पावसाळ्यात चरचर येते, असे आपण लिहिले आहे. चरचरीचे कारण बहुधा आपली दमट हवा असावी: कॅप्सूलची (आवाज टिपणाऱ्या भागाची) तार एफईटी या ट्रान्झिस्टरच्या गेटला, म्हणजे संकेत आत घेणाऱ्या टोकाला, जोडलेली असते तिथला रोध इतका प्रचंड असतो, की सोल्डरिंगचा उरलेला चिकट फ्लक्स ओलावा धरून विद्युतगळती घडवतो. मायक्रोफोनला केबलमधूनच मिळणारा ४८ व्होल्टचा फँटम वीजपुरवठा बंद करून, थोडे थांबून, तेवढा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. कॅप्सूलच्या पडद्याला मात्र बोटही लावू नये. ध्वनिमार्गातील, म्हणजे आवाजाचा विद्युतसंकेत जातो त्या वाटेवरील, सिरॅमिक कपॅसिटरांच्या जागी त्याच मूल्याचे फिल्म कपॅसिटर बसवल्यास आवाजातील विकृती घटू शकते. बोचरेपणासाठी मी आधी मायक्रोफोनच्या तोंडावरील जाळीचा आतला दाट थर काढून पाहीन, कारण त्यावरून परावर्तित झालेला आवाज पुन्हा कॅप्सूलवर आदळतो.