वेढे दुप्पट केले, तरी चुंबक दुप्पट का होत नाही?

प्रश्न : मी विज्ञान शाखेत शिकतो. मोटारींची आवड आहे, म्हणून इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगला जायचं ठरवलं होतं. पण विद्युत आणि चुंबकत्व या भागात सूत्रं पाठ असूनही गुण जातात. परवा विचारलं होतं, 'त्याच सेलवर विद्युतचुंबकाचे वेढे दुप्पट केले तर ताकद किती?' मी 'दुप्पट' लिहिलं, ते चुकलं. इलेक्ट्रिकलचा विचार सोडून देऊ का?

उत्तर : या कारणासाठी तरी सोडू नकोस. तुझी चूक नेमकी कुठे झाली ते आधी पाहू, कारण मोटारीच्या वाइंडिंगचं (तारेच्या वेढ्यांचं) गणित इथूनच सुरू होतं.

चुंबकाची ताकद वेढे गुणिले विद्युतधारा यावर ठरते. तू वेढे दुप्पट केलेस आणि धारा तेवढीच राहील असं गृहीत धरलंस. सेल मात्र धारा नव्हे, व्होल्टेज ठरावीक ठेवतो. ६ मिमी जाडीच्या लोखंडी बोल्टवर ०.३ मिमीच्या एनॅमल तारेचे (विद्युतरोधक लेप दिलेल्या तांब्याच्या तारेचे) १०० वेढे घातले, तर सुमारे २ मीटर तार लागते आणि तिचा रोध साधारण ०.५ ओहम भरतो. १.५ व्होल्टला धारा ३ अँपिअर, गुणाकार ३००. आता २०० वेढे घे. तार दुप्पट, रोध १ ओहम, धारा १.५ अँपिअर, गुणाकार पुन्हा ३००! फरक पडतो तो उष्णतेत. आधी ४.५ वॅट, आता २.२५ वॅट. ताकद तेवढीच आणि तार कमी तापते, हा वेढे वाढवण्याचा खरा फायदा. प्रत्यक्षात सेलचा अंतर्गत रोधही असतो. तो ०.२ ओहम धरला तर गुणाकार अनुक्रमे २१४ आणि २५० येतो, म्हणजे ताकद थोडी वाढते. दुप्पट काही होत नाही.

हे हातांनी करून पाहा. तारेच्या टोकांवरचं एनॅमल पॉलिश पेपरनं पूर्ण खरवडून काढ; ते राहिलं तर धारा वाहतच नाही आणि दोष सेलला दिला जातो. बोल्ट साध्या मऊ लोखंडाचा घे. स्टेनलेस स्टीलचे बरेच प्रकार चुंबकाला जेमतेम दाद देतात. जोडणी पाच सेकंदच ठेव, मग मिनिटभर थांब आणि किती टाचण्या उचलल्या ते मोज. मल्टिमीटर धारेच्या रेंजवर ठेवून थेट सेलच्या दोन टोकांना लावू नकोस, फ्यूज उडतो. भिंतीतल्या विजेवर यातलं काहीही करायचं नाही.

दुसरा प्रयोग प्रवर्तनाचा, म्हणजे चुंबक हलवून तारेत धारा निर्माण करण्याचा; शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेनं तो १८३१ मध्ये दाखवला. कागदी नळीवर ३०० वेढे घाल, टोकं काट्याच्या गॅल्व्हानोमीटरला (अगदी थोडी धाराही दाखवणाऱ्या मीटरला) जोड. डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे झटका निसटतो. चुंबक आत नेताना काटा एका बाजूला, बाहेर काढताना उलट, आत स्थिर ठेवला की शून्य. हे 'का' तुला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं, तर प्रकरण समजलं.

आता निवडीबद्दल. फॅरडेचं गणित फार कच्चं होतं, पण तो दाखला तुझ्या कामाचा नाही. मोटारीचं डिझाइन करायचं तर कलनशास्त्र, सदिश आणि प्रत्यावर्ती धारेसाठी संमिश्र संख्या टळत नाहीत. त्यांचा सराव आतापासून हवा. वेढे घालणं, मोजणं, बिघाड शोधणं यातच जीव रमत असेल, तर तंत्रज्ञ किंवा डिप्लोमाचा मार्ग तितकाच चांगला आहे, आणि मोटारी तिथंही आहेतच. चुंबकापेक्षा सर्किटच जास्त आवडलं, तर इलेक्ट्रॉनिक्स पाहा. सहा आठवडे हे करून मग ठरव.

आणि हो, सेलऐवजी ठरावीक धारा देणारा स्रोत असता, तर लोखंड संपृक्त होईपर्यंत, म्हणजे त्याचं चुंबकत्व आणखी फारसं वाढेनासं होईपर्यंत, तुझं 'दुप्पट' बरोबर ठरलं असतं. तेव्हा तारेत उष्णता किती पट होईल, ते काढून मला कळव.