इंग्रजीत ‘का बरं केलं नाहीत?’ कसं विचारायचं?

तुमच्या सहकाऱ्याने तीन दिवस दर कळवले नाहीत, तुम्ही त्याला ‘व्हाय यू डिडन्ट सेंड द रेट्स?’ असं लिहिलंत आणि तो दुखावला. चूक व्याकरणाची की सुराची, असं तुम्ही विचारलंय. दोन्हींची आहे.

व्याकरणाचं लवकर सांगतो. ‘डिडन्ट’ कर्त्याच्या आधी हवं: ‘व्हाय डिडन्ट यू सेंड...’. आणि दर अजून येऊ शकत असतील तर ‘डिडन्ट’ऐवजी ‘हॅवन्ट’: ‘व्हाय हॅवन्ट यू सेंट...’. वेळ निघून गेली असेल तरच ‘डिडन्ट’.

सुराचं मात्र नीट समजून घ्या. मी रावेरला केळीच्या निर्यातीचा पत्रव्यवहार बघतो. सुरुवातीला एका खरेदीदाराला मी ‘व्हाय डिड यू नॉट सेंड द पेपर्स?’ लिहिलं होतं. मला ते अदबीचं वाटलं होतं. पण ‘नॉट’ असं सुटं लिहिलं की त्यावर जोर येतो आणि जाब विचारल्यासारखं होतं. त्या माणसाने पुढचे दोन आठवडे माझ्याशी तुटक व्यवहार केला, ते मला फार लागलं.

आपल्याकडे अहिराणीत ‘काबरं उना नही?’ म्हटलं तर कुणी रागावत नाही. त्यातलं ‘बरं’ धार काढून घेतं. इंग्रजीत ‘व्हाय’ला असं ‘बरं’ जोडता येत नाही. मित्रांत ‘हाऊ कम’ ते काम करतं, आणि त्यानंतर शब्दांची उलटापालटही लागत नाही: ‘हाऊ कम यू डिडन्ट कम?’ पण साहेबांना किंवा गिऱ्हाइकाला हे लिहू नका.

तिथे माणसाला सोडून कामाबद्दल विचारा. मराठीतही आपण ‘तुम्ही पाठवले नाहीत’ म्हणायच्या ऐवजी ‘दर आले नाहीत अजून’ म्हणतोच की!

‘व्हाय डोन्ट यू’पासून जपा. ‘व्हाय डोन्ट यू सेंड इट टुडे?’ म्हणजे ‘आजच पाठवून टाका ना’. तो बहुतेक वेळा सल्ला असतो.

आणि ‘डिडन्ट यू गेट माय मेल?’ असं तुम्हालाच कुणी विचारलं, तर ‘हो, नाही मिळाला’ या आपल्या सवयीने ‘येस’ म्हणू नका. मेल मिळाला नसेल तर ‘नो, आय डिडन्ट’.

त्या सहकाऱ्याला आज एवढंच पाठवा: ‘आय हॅवन्ट रिसीव्ड द रेट्स येट. इज समथिंग होल्डिंग देम अप?’