जुन्या लेझरचे दोर बदलताना

प्रश्न : मी मुंबई बंदरात हौसेने शिडाच्या होड्यांच्या शर्यतींत भाग घेतो. गेल्या वर्षी एक जुनी लेझर (एकट्याने चालवायची शर्यतीची लहान होडी) विकत घेतली. तिच्यावर ७.०६ चौरस मीटरचे मोठे शीड आहे आणि व्हँग (बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, खाली ओढणारा), कनिंगहॅम, आउटहॉल (शिडाची खालची कड मागे ताणणारा) हे तिन्ही दोर मूळच्या जुन्या पद्धतीचे आहेत. माझे वजन ६४ किलो. दुपारी वायव्येचा वारा वाढला की व्हँग ओढता ओढवत नाही आणि होडी कलंडू लागते. सगळे एकदम बदलणे परवडणारे नाही. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : सुरुवात व्हँगपासून करावी, याबद्दल मला शंका नाही. लेझरच्या डोलकाठीला बाजूने ताण देणाऱ्या तारा नसतात, त्यामुळे शिडाचा फुगवटा कमी करायचा तर डोलकाठीच वाकवावी लागते. मेनशीट (शीड आत ओढण्याचा मुख्य दोर) पूर्ण ओढली की बूम खाली येते आणि डोलकाठी वाकते. पण झोत आल्यावर शीट सैल सोडताच, व्हँग ढिला असेल तर, बूम बाहेर जाण्याऐवजी वर उचलली जाते, डोलकाठी सरळ होते आणि शीड नको त्या क्षणी फुगते. तुमची होडी कलंडते ती बहुधा येथेच. व्हँग घट्ट असेल तर शीट सोडल्यावर बूम आडवी बाहेर सरकते आणि शीड चपटेच राहते.

लेझर वर्गाच्या शर्यतींच्या नियमांत २००१ च्या सुमारास बदल होऊन अनेक कप्प्यांची व्यवस्था वापरण्यास परवानगी मिळाली. आज मिळणारे व्हँगचे संच पंधरापट लाभाचे, म्हणजे हाताचे बळ पंधरापट करणारे, असतात. कागदावर हा आकडा मोठा दिसतो, परंतु बूमकडची जोडणी एक सेंटीमीटर आवळायची तर हातातील दोर पंधरा सेंटीमीटर ओढावा लागतो, शिवाय प्रत्येक कप्पी घर्षणात थोडे बळ खाते. म्हणून स्वस्त, कुरकुरणाऱ्या कप्प्यांचा पंधरापट संच घेण्यात अर्थ नाही. एक सावधगिरी मात्र बाळगावी. जोराच्या वाऱ्यात होडी वाऱ्यापासून वळवण्याआधी व्हँग थोडा सोडलाच पाहिजे, अन्यथा बूमचे टोक पाण्यात रुतते आणि होडी उलटते.

दुसरा क्रमांक कनिंगहॅमचा. तो शिडाची पुढची कड खाली ताणतो, फुगवटा पुढे आणतो आणि शिडाचा वरचा भाग मोकळा करून जादा वारा सोडून देतो. हलक्या वजनाच्या खलाशाला जोराच्या वाऱ्यात याचा मोठा आधार वाटतो. नव्या रचनेत त्याचा दोर डेकवरील क्लीटपर्यंत (दोर पकडून ठेवणाऱ्या खटक्यापर्यंत) येतो, त्यामुळे होडीबाहेर झुकलेल्या अवस्थेतही तो ओढता येतो. आउटहॉल शेवटी बदलला तरी चालेल. ट्रॅव्हलरसाठी (होडीच्या मागच्या भागावर आडवा बांधलेला, मेनशीटची कप्पी ज्यावर सरकते तो दोर) तर वेगळी कप्पी लागतच नाही; जुना ताणला जाणारा दोर काढून तेथे न ताणणारा डायनीमा धाग्याचा दोर घट्ट बांधावा. एवढ्याशा खर्चात इतका फरक पाडणारा दुसरा बदल मला माहीत नाही.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. मोठे शीड साधारण ८० किलोच्या आसपासच्या खलाशासाठी ठीक. त्याच होडीवर डोलकाठीचा खालचा भाग आणि शीड बदलले की ५.७६ चौरस मीटरची मांडणी होते. पूर्वी तिला रेडियल म्हणत, आता आयएलसीए ६ म्हणतात. आपली नेत्रा कुमनन टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये याच मांडणीवर उतरली. हा खर्च कप्प्यांपेक्षा जास्त आहे, हे खरे. पण व्हँग, कनिंगहॅमचे संच दोन्ही मांडण्यांवर चालतात, म्हणून आधी ते घेऊन नंतर शीड बदलले तरी पैसे वाया जाणार नाहीत.

हे संच घेण्यापूर्वी, डोलकाठी ज्यात उभी राहते ती खोबण तपासावी. जुन्या होड्यांत आत गेलेल्या वाळूने तळ झिजून छिद्र पडते. खोबणीत काठोकाठ पाणी भरून थोडा वेळ थांबावे; पातळी उतरली तर प्रथम दुरुस्ती करावी, कारण जोरदार व्हँगचा भार याच जागेवर येतो. डोलकाठीच्या वरच्या ॲल्युमिनियम नळीवर जोडाच्या रिव्हेटपाशी गंज किंवा चीर आहे का, हेही पाहावे. नळी मोडते ती बहुधा तेथूनच.

संच घेताना तो वर्गाच्या नियमांत बसतो याची दुकानदाराकडून खात्री करून घ्यावी; कप्प्यांची मांडणी मनाने बदलली तर शर्यतीतून बाद होण्याची वेळ येईल. बंदरातून परतल्यावर कप्प्या आणि क्लीट गोड्या पाण्याने धुवाव्यात, कारण आपल्या खाडीतील बारीक गाळ आत बसला की महागडी कप्पीही महिन्याभरात अडकू लागते.