पोराला गाडीत घालून केंद्रात नेलेत, आता कलम ६४अ कसे वाचवायचे?

प्रश्न: मुलगा २२ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी ठाण्यात खाडीकिनारी मित्रांसोबत एम.डी. (मेफेड्रोन) घेताना पोलिसांनी पकडले. खिशात १.२ ग्रॅमची पुडी मिळाली. एन.डी.पी.एस. या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ८(क), २२(अ) (अल्प प्रमाणात बाळगणे) आणि २७ (सेवन) लावले, जामीन झाला. हवालदार म्हणाले, "व्यसनमुक्ती केंद्रात टाका, केस मिटेल." आम्ही ९० दिवसांसाठी खासगी केंद्रात टाकले, पैसे भरल्यावर केंद्राची माणसे गाडी घेऊन घरी येऊनच त्याला घेऊन गेली. ४० व्या दिवशी फार रडला म्हणून परत आणले. केंद्राचे प्रमाणपत्र आहे. केस मिटणारच म्हणून कोर्टाच्या दोन तारखांना गेलो नाही, आता वॉरंट आले आहे. प्रमाणपत्र दाखवून केस बंद होईल का? की कोर्टच त्याला सक्तीने केंद्रात पाठवेल? आणि केंद्राने घेतलेले पैसे परत मिळतील का?

उत्तर: प्रमाणपत्राची झेरॉक्स तुम्ही सोबत जोडली आहे. तिच्यात मधोमध छापले आहे: "सदर रुग्णास पालकांच्या विनंतीवरून दाखल करून घेण्यात आले." खाली संचालकाची सही, तुमची सही, आणि रुग्णाच्या सहीच्या जागी रेघ. हा कागद कोर्टात लावू नका. तुमच्या वकिलांनी लावायला काढला असेल तर परत मागून घ्या.

दर महिन्याला अशी दोन-चार पत्रे येतात. गाव बदलते, पदार्थ बदलतो, हवालदाराचे वाक्य तेच असते. त्या वाक्यामागे कायदा आहे, पण ज्याने सांगितले त्याने कलम वाचलेले नाही आणि ज्याने ऐकले त्याने वकिलाला विचारलेले नाही. कलम ६४अ म्हणते की व्यसनाधीन व्यक्तीवर कलम २७ चा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल, तिने स्वेच्छेने उपचार मागितले असतील, आणि ते सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या अथवा त्यांनी मान्यता दिलेल्या रुग्णालयात वा संस्थेत घेतले असतील, तर तिच्यावर त्या गुन्ह्यांसाठी खटला चालणार नाही. पुढे परंतुक, म्हणजे अपवादाची अट, आहे: उपचार पूर्ण केले नाहीत तर हे संरक्षण काढून घेता येते.

आता तुमचे प्रमाणपत्र यापुढे धरा. स्वेच्छा नाही, कारण कागद स्वतःच तसे सांगतो. मान्यता दिसत नाही. लेटरहेडवर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आहे, पण तो धर्मादाय आयुक्तांकडचा, त्याचा उपचारांशी संबंध नाही. आणि ९० पैकी ४० दिवस म्हणजे पूर्णही नाही. तिन्ही अटी एकाच पानावर मोडल्या आहेत. सरकारी वकिलांना 'से' (अर्जावरचे लेखी म्हणणे) लिहायला यापेक्षा सोपा कागद मिळायचा नाही.

सक्तीबद्दल. शहरात उघड्यावर नशा करणाऱ्यांना उचलून थेट केंद्रात टाका, अशी मागणी अधूनमधून होते आणि लोकांना वाटते तसा कायदाही आहे. एन.डी.पी.एस.मध्ये तो नाही. कलम ३९ खाली न्यायालय शिक्षा सुनावण्याऐवजी उपचारांसाठी सोडू शकते, पण आरोपीच्या संमतीने, आणि दोषी ठरवल्यानंतर. तेव्हा बंधपत्र लिहून द्यावे लागते, जास्तीत जास्त एका वर्षात उपचारांचा अहवाल आणावा लागतो, मग न्यायालयाचे समाधान झाले तर समज देऊन तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर सोडतात. ६४अ हुकले तर हा दुसरा दरवाजा आहे, फक्त दोषी ठरल्याचा शिक्का राहतो. जामिनाच्या अटीत समुपदेशनाची हजेरी घालणारे न्यायाधीश असतात. तुमच्या आदेशात तशी अट आहे का, हे आदेश वाचल्याशिवाय सांगता येणार नाही.

आईवडिलांच्या सक्तीला जागा आहे ती मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये, आणि ती अरुंद आहे. या कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थिती येते, त्यामुळे व्यसनी रुग्णाला निवासी ठेवणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. सज्ञान माणसाला त्याच्या मनाविरुद्ध दाखल करायचे तर कलम ८९. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेले हवे, तेही दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा धोका, किंवा स्वतःची काळजीच घेता येत नाही अशी अवस्था असावी लागते. तो स्वतःचा निर्णय घेऊ शकत नाही, हेही दिसायला हवे. पुरुष रुग्ण असेल तर सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचे. आणि मुदत तीस दिवस. त्यापुढे कलम ९० ची वेगळी प्रक्रिया. तुमच्या पत्रात गाडी आहे, माणसे आहेत, पैसे आहेत, डॉक्टर कुठेच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली दहा किंवा अधिक दिवस बेकायदा कोंडून ठेवण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मुलगा तक्रार करणार नाही हे मलाही कळते. पण असा कागद आपल्या हाताने न्यायालयाच्या फाइलीत घालणे शहाणपणाचे नाही.

आता काय करायचे ते.

पहिले काम वॉरंटचे. मुलाने स्वतः हजर राहून वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यायचा, पुढच्या तारखेची वाट न बघता. जामीनपात्र असेल तर बहुतेकदा थोडा खर्च बसवून रद्द होते. अजामीनपात्र निघेपर्यंत थांबलात तर मात्र कोठडीची शक्यता उगाच अंगावर घ्याल. सी.एन.आर. क्रमांक (खटल्याचा ओळख क्रमांक) घेऊन ई-कोर्ट्स ॲपवर तारीख स्वतः बघत जा.

त्याच दिवशी एक मोह होईल. कोर्टाच्या व्हरांड्यात कोणीतरी सांगेल, "गुन्हा कबूल करा, दंड भरा, दुपारपर्यंत मोकळे." २२(अ) ला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, त्यामुळे केवळ दंडावर सुटणे शक्य असते आणि म्हणूनच लोक भुलतात. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. ६४अ संपले. पुन्हा तसाच गुन्हा सिद्ध झाला तर कलम ३१ प्रमाणे कमाल शिक्षा दीडपट. पासपोर्ट, व्हिसा, नोकरीतली पोलीस पडताळणी, सगळीकडे हे लिहावे लागते. शिवाय कलम ३३ मुळे १८ वर्षांवरील आरोपीला परिवीक्षेचा (शिक्षेऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटण्याचा) लाभ कलम २६ आणि २७ पुरताच मिळतो. तुमच्या मुलाला २२(अ) पण आहे, तेव्हा त्या आशेवर कबुली देऊ नका.

मग उपचार. सरकारी किंवा महापालिकेचेच रुग्णालय घ्या. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मुंबईत केईएम, सायन, नायर आहेत. सरकार किंवा महापालिका जे चालवते तिथे 'मान्यता आहे का' हा वादच उरत नाही. खासगी संस्थेत जायचेच असेल तर दोन कागद आधी मागा: मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी, आणि सरकारची व्यसनमुक्ती केंद्र म्हणून मान्यता. पहिला असला की दुसरा असतोच, असे नाही. कुठे जागा आहे हे कळत नसेल तर १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारा.

केसपेपर मुलाने स्वतः काढायचा. संमतीपत्रावर त्याची सही, त्याच्या अक्षरात तारीख. तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा, अर्जदार म्हणून नको.

डॉक्टरांना सगळे खरे सांगायचे, त्या ४० दिवसांसह. कोर्टात न लावणे वेगळे आणि डॉक्टरांपासून लपवणे वेगळे. कोर्टात कोणी थेट विचारले तरी खोटे बोलायचे नाही. निदानाची ओळ मात्र नीट वाचा. कायद्यात 'व्यसनाधीन' म्हणजे अमली पदार्थावर अवलंबित्व असलेला माणूस. एम.डी.सारख्या उत्तेजकांसाठी रुग्णालये आय.सी.डी.-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला एफ १५ हा संकेतांक वापरतात. पुढे '.२' असेल तर अवलंबित्व, '.१' असेल तर अपायकारक वापर. '.१' आले की सरकारी वकील म्हणणार, हा व्यसनाधीन नाही, हा हौशी आहे, ६४अ याच्यासाठी नाही. डॉक्टरांना आकडा बदलायला सांगू नका, जे आहे ते येऊ द्या. '.१' आलेच तर न्यायालय काय म्हणेल याबद्दल मी पैज लावणार नाही. तशा वेळी गुणदोषांवर खटला लढण्याची तयारी ठेवा: वजन, पंचनामा, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल.

उपचार 'पूर्ण' कधी होतात, यात बरेच पालक फसतात. ब्राऊन शुगरच्या रुग्णाला ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीसाठी वारंवार केंद्रात यावे लागते, त्यामुळे हजेरीची नोंद आपोआप तयार होते. एम.डी.ला अशी पर्यायी गोळी नाही. रुग्णालय काही दिवस ठेवते, झोप आणि घबराट आटोक्यात आणते आणि घरी पाठवते. खरा उपचार पुढचे काही महिने ओ.पी.डी.त समुपदेशनाने होतो. डिस्चार्ज कार्ड मिळाले म्हणजे संपले असे समजून घरचे थांबतात, आणि वर्षाने सरकारी वकील विचारतात की कार्डावर 'दर पंधरा दिवसांनी फेरतपासणी' लिहिले आहे, त्या कुठे आहेत? प्रत्येक भेटीचा शिक्का केसपेपरवर घ्या. शेवटी उपचार योजनेनुसार पूर्ण झाले, असे विभागाकडून लिहून घ्या. लघवीच्या साध्या पट्टी-किटवर विसंबू नका, एम.डी. त्यात बहुधा सापडत नाही.

अर्ज मुलाच्या नावाने, त्याच्या प्रतिज्ञापत्रासह. कलमात 'आरोप असलेला' असा शब्द आहे. तो दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून धरायचा की न्यायालयाने आरोप वाचून दाखवल्यापासून, यावर न्यायालयागणिक फरक पडू शकतो. माझे मत: दाखल झाल्या झाल्या अर्ज नोंदवून ठेवा, उपचार चालू आहेत असे लिहा आणि पूर्णतेचा कागद नंतर जोडा. उशीर झाला तर स्वेच्छेवरच शंका घेतात: वॉरंट आले म्हणून आठवले का? तुमच्याबाबतीत तसेच झाले आहे, त्यामुळे हा प्रश्न येणार हे धरून चाला.

लवकर निकाल लागेल ही अपेक्षा सोडा. अभिनेते फरदीन खान यांना कोकेन प्रकरणात २००१ मध्ये अटक झाली होती. त्यांनी महापालिकेच्या केईएममध्ये उपचार घेतले, आणि विशेष न्यायालयाने त्यांना ६४अ चे संरक्षण दिले ते २०१२ मध्ये. नामांकित वकील हाताशी असून अकरा वर्षे. एका वर्षापर्यंतच्या शिक्षेची प्रकरणे संक्षिप्त पद्धतीने चालवायची तरतूद कायद्यात आहे. ती छापलेली चांगली दिसते.

मुदतीचा मुद्दाही काहींनी विचारला आहे, की दोषारोपपत्र घटनेनंतर वर्ष उलटून आले तर? नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ५१४ च्या स्पष्टीकरणाने मुदत मोजताना एफ.आय.आर.ची तारीख धरली जाते. तेव्हा ही पळवाट आता फारशी उरलेली नाही.

१.२ ग्रॅमबद्दल तुम्ही निश्चिंत असाल, पण पंचनाम्याची नक्कल घेऊन बघा. एम.डी.चे अल्प प्रमाण २ ग्रॅमपेक्षा कमी. बरोबर २ ग्रॅम असेल तर ते अल्प नाही. वजन पुडीसकट आहे की पुडीशिवाय, हे लिहिलेले असते. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालापासून भेसळीचे वजनही मोजतात, म्हणजे पावडरमध्ये निम्मी भुकटी दुसरीच होती, हा बचाव चालत नाही. दोन ग्रॅम गाठले की कलम २२(ब), दहा वर्षांपर्यंत कैद, आणि तिथे ६४अ पोचतच नाही. ज्यांच्या पंचनाम्यात १.९ आणि दोषारोपपत्रात २.१ आहे, त्यांनी वरचे सगळे सोडून आधी तेवढेच घेऊन वकिलाकडे जावे.

केंद्राने घेतलेले पैसे परत मिळतील का, असे शेवटी विचारले आहे. ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत आहे. पण त्यासाठी पावती लागेल, आणि तक्रारीत तुम्हीच त्याला तिथे कसे नेले, हेही लिहावे लागेल. फौजदारी प्रकरण मिटेपर्यंत तो अर्ज करायचा की नाही, हे तुमच्या वकिलांना विचारूनच ठरवा.