सेपरेटर, स्क्रबर, कोअलेसर: सगळेच ‘विभाजक’?

भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन कारखान्यातून प्रश्न आला आहे. तिथे तेल आणि वायू प्रकल्पांसाठी सेपरेटर, स्क्रबर, नॉकआउट ड्रम, कोअलेसर, म्हणजे वायू, तेल आणि पाणी एकमेकांपासून वेगळं करणारी यंत्रं बनतात. कामगारांसाठी मराठी माहितीपत्रक लिहायचं आहे. या सगळ्यांना ‘विभाजक’ म्हटलं तर चालेल का, असं विचारलं आहे.

माझं मत स्पष्ट आहे: नको. विभाजक म्हटलं की गणित आठवतं, नाहीतर रस्त्यावरचा दुभाजक. ‘पृथक्करण’ म्हणावं, तर शाळेपासून आपण रासायनिक पृथक्करण म्हणजे पदार्थात काय काय आहे याची तपासणी असंच शिकलो. आणि ‘विलगीकरण’ २०२० पासून दवाखान्यात जाऊन बसलं आहे. शिवाय एकच शब्द सगळ्यांना लावला, तर यंत्रायंत्रांतला फरकच पुसला जातो. नावं शॉपवर, म्हणजे कारखान्यात, चालतात तीच ठेवा. मराठी हवी ती काम सांगताना, आणि त्यासाठी लागणारी क्रियापदं आपल्याकडे भरपूर आहेत.

आडवा थ्री-फेज सेपरेटर घ्या, म्हणजे वायू, तेल आणि पाणी तिन्ही वेगळं करणारा. तेलविहिरीतून आलेलं मिश्रण आत शिरताच समोरच्या पट्टीवर आदळतं, त्याचा जोर मोडतो. वायू सुटून वर जातो, द्रव खाली पडतो. मग काही मिनिटं त्याला शांत राहू द्यायचं. पाणी तळाशी बसतं, तेल वर तरंगतं आणि आतल्या आडव्या बांधावरून पलीकडच्या कप्प्यात सांडतं. वाळूचा साका बसतो तो सगळ्यात खाली. वर गेलेला वायू बाहेर पडण्याआधी तारेच्या दाट जाळीतून जातो. त्यातले तुषार तारांना चिकटतात, एकवटून मोठे थेंब होतात आणि खाली ठिबकतात. आदळणं, सुटणं, बसणं, तरंगणं, सांडणं, ठिबकणं. यात कुठला शब्द कामगाराला समजावून सांगावा लागेल?

‘एकवटणे’ हे क्रियापद मला फार मोलाचं वाटतं, कारण कोअलेसरचं सगळं काम त्यात येतं. स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार बारीक थेंबाचा खाली बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. व्यास दुप्पट झाला की वेग चौपट. म्हणून तेलात अडकलेले पाण्याचे बारीक थेंब आधी एकवटायचे, मग ते आपोआप बसतात. डीसॉल्टरमध्ये, म्हणजे कच्च्या तेलातलं मीठ काढणाऱ्या यंत्रात, हेच विजेच्या क्षेत्रात घडवतात. तेलात आधी गोडं पाणी मिसळून मीठ त्यात उतरवून घेतात आणि मग ते पाणी काढून टाकतात. मीठ राहिलं, तर पुढे तापवताना त्यातल्या क्लोराइडपासून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि ते धातू खातं.

स्क्रबरच्या बाबतीत मात्र सावध राहा. धुराड्याजवळचा स्क्रबर वायू खरोखर धुतो. तुमच्याकडचा गॅस स्क्रबर बहुधा काही धूत नाही. ज्या वायूत द्रव अगदी थोडा उरला आहे, त्यातले थेंब टिपून घेतो, म्हणजे पुढच्या कॉम्प्रेसरला इजा होत नाही. तिथे ‘धुणे’ लिहिलं तर चुकीचा अर्थ जाईल. ‘टिपणे’ लिहा.

फ्लेअर म्हणजे नको असलेला वायू जाळायची उंच चिमणी. तिच्या आधीचा नॉकआउट ड्रम वायूतला द्रव खाली पाडतो. तो नसेल तर फ्लेअरमधून पेटते थेंब खाली पडू शकतात, हे पत्रकात ठळक यायलाच हवं. लांबच्या पाइपलाइनीच्या टोकाला स्लग कॅचर असतो. स्लग म्हणजे नळातून वायूबरोबर एकदम येणारा द्रवाचा लोंढा. ‘लोंढा’ इतका नेमका शब्द असताना दुसरा शोधू नका. ‘लोंढा झेलणारी व्हेसल’ (व्हेसल म्हणजे दाब सोसणारं बंद पात्र) एवढं पुरेसं आहे. हायड्रोसायक्लोनमध्ये तेल मिसळलेलं पाणी गरगर फिरतं, जड पाणी कडेला जातं, हलकं तेल मध्यभागी जमतं.

एक शब्द मात्र टाळाच: ‘टाकी’. आपल्या डोळ्यांसमोर गच्चीवरची पाण्याची टाकी येते, जिचं झाकण कधीही उघडावं. सेपरेटरच्या आत दाब असतो. शॉपवर सगळे ‘व्हेसल’च म्हणतात, तेच लिहा, आणि सूचना अशी द्या: ‘ही व्हेसल दाबाखाली असते. दाब पूर्ण उतरवल्याशिवाय, आतला वायू काढून टाकल्याशिवाय आणि परमिट मिळाल्याशिवाय मॅनहोल उघडू नका.’