हळद जखमेच्या तळाशी का पोहोचत नाही?

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह आहे. दोन महिन्यांपूर्वी वावरात पऱ्हाटीचे धसकट त्यांच्या तळपायात रुतले. गोळ्यांचे तीन कोर्स झाले, घरची हळदही भरून पाहिली. पण जखम वरून सुकते आणि पुन्हा पाणी सुटते. ‘नॅनो हळदी’च्या कॅप्सूलचा उपयोग होईल का?
– एक वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : आपल्या तालुक्यातील वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा हळदीच्या कसाविषयी मी आपल्याला काय सांगावे! अडचण कसाची नसून वाटेची आहे. बरेच दिवस न घासलेल्या रांजणात हात घातला की आतून बुळबुळीत थर लागतो आणि तो नुसत्या पाण्याने विसळून निघत नाही. जुनाट जखमेतले जिवाणूही स्वतःभोवती असाच चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, तयार करतात आणि त्याच्या आत सुस्तावून राहतात. त्यामुळे मोकळ्या जिवाणूंना मारणारी प्रतिजैविकाची मात्रा त्यांना पुरत नाही. हळदीतले मुख्य औषधी द्रव्य कर्क्युमिन तर पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणून पूड वरच बसते. शिवाय घरच्या पुडीसोबत मातीतले जिवाणूही जखमेत जाऊ शकतात, तेव्हा हळद भरणे थांबवावे.

नॅनो तंत्राचे काम इथे वाहनाचे आहे. कर्क्युमिन किंवा ओव्याच्या तेलातले थायमॉल शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या कणांत भरतात (आपला केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो), म्हणजे ते पाण्यात पसरते आणि थराच्या फटींतून आत शिरू शकते. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानचे कण त्यासाठी वापरतात, कारण त्यांच्यावर धन प्रभार असतो आणि जिवाणूंच्या पृष्ठभागावर ऋण, त्यामुळे ते तिथे चिकटतात. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर याचे परिणाम आशादायक दिसले आहेत. मात्र अशा जखमेत प्रतिजैविकाऐवजी वापरावे असे सिद्ध औषध अजून हाती आलेले नाही. बाजारातल्या कॅप्सूल कर्क्युमिन रक्तात अधिक शोषले जावे म्हणून असतात, त्यांनी तळपायातला तो थर निघत नाही.

रांजण घासावा लागतो, तशी ही जखमही शल्यचिकित्सकाकडून आतून साफ करून घ्यावी लागेल. धसकटाचा तुकडा आत राहिला आहे का, हे त्यांना आवर्जून पाहायला सांगा आणि चौथा कोर्स सुरू होण्यापूर्वी जखमेच्या तळातील नमुन्याची कल्चर तपासणी (त्यातले जिवाणू वाढवून ते कोणते, हे पाहणे) करून घ्या. पाय काळा पडला, दुर्गंधी आली किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठावे.