बुलेटची धडधड पुशरॉडची नव्हेच

प्रश्न : माझी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० सन २०१२ ची, पुशरॉडवाली. नव्या इंजिनात कॅम (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणारा, उंचवटे असलेला फिरता दांडा) वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या डोक्यात नेला आणि फायरिंगची, त्या धडधडीची मजाच गेली, असं मित्र म्हणतात. खरं का?

मजा कमी झाली असेल, पण त्याचं श्रेय पुशरॉडला देऊ नका. तो बिचारा नुसता निरोप्या. खाली क्रँकजवळ फिरणाऱ्या कॅमची उचल वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत पोचवायची, एवढंच त्याचं काम. धडधड येते लांब स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) आणि क्रँकवरच्या जड चाकातून, फ्लायव्हीलमधून. तुमच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ७० मिमी, स्ट्रोक ९०. एनफिल्डच्याच मीटिअर ३५० बरोबर २०२० मध्ये आलेल्या इंजिनात ते ७२ आणि ८५.८ झाले, शिवाय थरथर मारायला बॅलन्सर शाफ्ट बसला. तुमची मजा बहुधा त्यानंच खाल्ली.

'खालच्या आरपीएमची ओढ पुशरॉडचीच' हेही खोटं. होंडाच्या हायनेस सीबी ३५० मध्ये कॅम वर आहे, तरी ३० न्यूटन-मीटर टॉर्क ३,००० आरपीएमलाच हाती येतो. तिचा बोअर-स्ट्रोक बघा : ७० आणि साडेनव्वद. ओळखीचे वाटतात ना?

प्रश्न : मग कॅम वर नेला कशाला?

वजनासाठी. कॅम खाली असला की टॅपेट (कॅम आणि पुशरॉड यांच्यामधला तुकडा) आणि पुशरॉड दर फेरीला वर-खाली उचलायचे. आरपीएम फार चढले की एवढं वजन व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंगला आवरत नाही, आणि कॅम उतरला तरी व्हॉल्व्ह मागेच रेंगाळतो. कॅम वर गेला की हे ओझं सुटतं. बदल्यात लांब टायमिंग चेन सांभाळावी लागते. यात नवं काही नाही. १९८५ च्या हीरो होंडा सीडी १०० मध्येही कॅम वरच होता, फक्त तिचं कौतुक मायलेजपलीकडे कुणी केलं नाही.

प्रश्न : हार्ले अजून पुशरॉड का वापरते?

मोठ्या व्ही-ट्विनमध्ये (व्ही आकारात बसवलेले दोन सिलिंडर) कॅम खाली ठेवला की हेड बुटकं राहतं. पण त्यांच्याच पॅन अमेरिका या बाइकमध्ये कॅम वर आहेत.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं टॅपेट घरी सेट करता येईल?

जरूर. इंजिन पूर्ण थंड हवं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना) आणा, बाजूचं टॅपेट कव्हर उघडा आणि पुशरॉड दोन बोटांत फिरवा. सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळता कामा नये. शंका आली तर किंचित सैल ठेवा. सैल टॅपेट नुसतं टकटक करतं. घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो.

आणि पहिल्या प्रश्नातल्या २०१२ च्या क्लासिकवर हा प्रयोग नको. तिचे टॅपेट हायड्रॉलिक आहेत, ऑईलच्या दाबावर आपोआप सेट होणारे. टकटक आली तर आधी ऑईल बघा.